तुम्ही विचारलंत म्हणून : किडनीच्या आजारात मुलाची प्रतिकारशक्ती वाढवायची का?

किडनीचा आजार असलेल्या मुलांची मुख्य औषधयोजना किडनीतज्ज्ञ ठरवतात. मधल्या काळातली सर्दी, ताप, लसीकरण आणि घरच्यांच्या शंका मात्र ठाण्यातील नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात येतात. घोडबंदर रोडच्या इमारतींतून आलेले आईवडील असोत की कळव्याहून नातवाला घेऊन आलेली आजी असो, मीठ, सूज आणि गोळ्यांविषयी बोलून झाले की उठता उठता एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, याची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काय देऊ?” पुष्कळदा उत्तरही पिशवीतून सोबत आणलेले असते, कधी गुळवेलीचा काढा, कधी च्यवनप्राश, कधी ‘इम्युनिटी’ असे ठळक छापलेला पावडरचा डबा. “यातले काहीच नको” असे मी सांगतो. ते बरोबर असले तरी त्यामागचे कारण पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून येथे लिहितो.

प्रतिकारशक्ती म्हणजे माठातले पाणी नव्हे, की पातळी उतरली तर वरून ओतावे. किडनीच्या आजारात तिच्यातले काही घटक कमी होतात, काही चुकीच्या दिशेने काम करतात आणि काही गरजेपेक्षा जास्त चेतलेले असतात. हे सर्व एकाच मुलात, एकाच वेळी घडू शकते. शिवाय कोणता घटक कसा बदलेल हे आजाराच्या प्रकारावर अवलंबून असते.

माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वाधिक मुले नेफ्रोटिक सिंड्रोमची असतात. या आजारात किडनीतील गाळण्याची यंत्रणा सैल होते आणि रक्तातील प्रथिने लघवीतून वाहून जातात. घरी लघवी तपासण्याच्या पट्टीवर ‘थ्री प्लस’ म्हणजे भरपूर प्रथिने दिसतात तेव्हा पालकांच्या डोळ्यांसमोर अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन आणि सूज असते. पण त्याच वाटेने आयजीजी ही अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारे प्रथिनही, जात असते. आयजीजीच्या रेणूचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन, तर आयजीएम या दुसऱ्या अँटिबॉडीचे सुमारे नऊ लाख असते. म्हणून पहिली निसटते आणि दुसरी आतच राहते, आणि रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार उलटला असताना, रक्त तपासले तर आयजीजी घटलेली व आयजीएम बहुधा चढलेली दिसते. कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतला ‘फॅक्टर बी’ही लघवीतून जातो. याचा परिणाम विशिष्ट जंतूंपुरता, पण गंभीर असतो. न्यूमोकोकससारख्या कवचधारी जीवाणूंना पांढऱ्या पेशींनी गिळावे यासाठी त्यांच्यावर आधी अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट चिकटावे लागतात, आणि नेमके तेच कमी पडतात. पोटात साठलेल्या पाण्यात असा संसर्ग झाला की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह, होतो. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी नेफ्रोटिक सिंड्रोमची मुले मोठ्या संख्येने दगावत, आणि त्यामागे मुख्यतः असे संसर्गच असत. म्हणून मी पालकांना बजावून सांगतो, की अंगावर सूज असलेल्या मुलाचे पोट दुखू लागले आणि ताप आला, तर ते गॅसचे किंवा जंताचे दुखणे समजून घरी रात्र काढू नये. स्टेरॉइड चालू असताना ताप आणि पोटाचा कडकपणा दोन्ही सौम्य वाटू शकतात, त्यामुळे “फार काही दिसत नाही” या समाधानाला अर्थ नसतो.

इथपर्यंत ऐकले की काढ्याचा आग्रह उलट वाढतो. संरक्षण कमी आहे, मग वाढवायला नको का? येथेच या आजाराची दुसरी बाजू सांगावी लागते. लहान मुलांतील नेहमीच्या प्रकारात किडनीची गाळणी बिघडण्याचे कारणच रोगप्रतिकार यंत्रणेत असते. १९७४ मध्ये शालहूब या वैद्यकाने असा तर्क मांडला, की हा मूळचा किडनीचा आजार नसून टी-पेशी या प्रतिकार यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींच्या बिघाडाचा परिणाम आहे. त्याच्या आधारांपैकी एक निरीक्षण विलक्षण होते : गोवर झाल्यानंतर काही मुलांची लघवीतून जाणारी प्रथिने थांबत, कारण गोवर काही काळ प्रतिकार यंत्रणेला दडपून टाकतो. (हे वाचून गोवराची लस टाळावी असे कोणीही मनात आणू नये, तो आजार किती मुलांचा जीव घेत असे हे माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी जवळून पाहिले आहे.) पुढे १९९८ मध्ये नेफ्रिन हे गाळणीच्या सांध्यातले प्रथिन सापडले, आणि २०२२ व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून असे दिसले, की आजार सक्रिय असलेल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात या नेफ्रिनविरुद्ध अँटिबॉडी असतात. शरीर स्वतःच्याच गाळणीवर हल्ला करत असते. म्हणूनच प्रतिकार यंत्रणा शांत करणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड येथे औषध ठरते, आणि म्हणूनच अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब हे औषध वारंवार रिलॅप्स होणाऱ्या मुलांना उपयोगी पडते.

आता जी यंत्रणा शांत ठेवण्यासाठी आपण आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड देतो, तिलाच दुसऱ्या हाताने डिवचणारे काहीतरी पाजायचे का, हा प्रश्न मी पालकांना उलट विचारतो. साधी सर्दीसुद्धा तिला चेतवायला पुरते. अनेक रिलॅप्स सर्दी-खोकल्याच्या पाठोपाठ येतात हा घराघरातला अनुभव आहे. गुळवेलीबद्दल मला विशेष सावध राहावेसे वाटते. करोनाच्या काळात ती घरोघर उकळली जात होती, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचे स्वरूप स्वयंप्रतिकारी आजारासारखे होते. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. तो वाद कोणीही जिंको, माझ्या रुग्णावर त्याची परीक्षा नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्दी झाली की स्टेरॉइडची मात्रा वाढवावी का, हेही विचारले जाते. दिल्लीच्या एम्समधील २०११ च्या अभ्यासात, एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या मुलांना संसर्गाच्या दिवसांत ती रोज दिल्यावर रिलॅप्स कमी झाले. नंतरच्या ‘प्रेडनॉस २’ या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत सर्दीच्या दिवसांत थोडे स्टेरॉइड रोज देण्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे हा निर्णय त्या त्या मुलाच्या किडनीतज्ज्ञांनी घ्यावा. ताप आला म्हणून चालू स्टेरॉइड अचानक बंद करणे मात्र कोणत्याही मुलाच्या बाबतीत धोक्याचे आहे.

दीर्घकालीन किडनी विकाराची गोष्ट वेगळी आहे. जन्मतःच किडनीची किंवा मूत्रमार्गाची रचना सदोष असलेली मुले यात पुष्कळ असतात. किडनी हळूहळू निकामी होत गेली, की रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या नव्या टी-पेशी घटतात, आणि शाळकरी वयातल्या मुलाची प्रतिकार यंत्रणा काही बाबतींत म्हाताऱ्या माणसासारखी दिसू लागते. त्याच वेळी दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात वाढलेली असतात, कारण ती अधिक तयार होतात आणि किडनीतून पुरेशी बाहेर पडत नाहीत. हा सततचा मंद दाह हेप्सिडिन हे लोहाचे नियमन करणारे संप्रेरक वाढवून लोहाचा वापर अडवतो, भूक मारतो आणि उंची खुंटण्यालाही हातभार लावतो. म्हणजे हे मूल संसर्गाशी लढायला कमी पडते आणि तरीही त्याचे शरीर अखंड दाहात असते. लशींचा परिणामही अशा मुलांत उणा पडतो : डायलिसिसवर असलेल्यांना हिपॅटायटिस बीच्या लशीची मात्रा वाढवून द्यावी लागते, अँटिबॉडीचे प्रमाण वर्षातून एकदा तपासावे लागते, आणि ते प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली गेले तर पुन्हा डोस द्यावा लागतो. किडनी प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या प्रतिकार यंत्रणा दडपणाऱ्या औषधांची भर पडते, आणि पहिल्या सहा महिन्यांत ती सर्वांत जास्त जाणवते.

मग करायचे काय? माहीत असलेली उणीव नेमकी भरून काढायची, आणि त्यासाठी लसीकरणाइतके मोलाचे दुसरे काही नाही. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. या मुलांना दोन वर्षांच्या वयानंतर तिच्या जोडीला २३ प्रकारांवरची दुसरी लसही द्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून ती लस दरवर्षी एप्रिल-मेमध्ये घ्यावी. जिवंत जंतूंच्या लशींचे गणित नाजूक आहे. प्रेडनिसोलोन दिवसाला दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम वा त्याहून जास्त, असे दोन आठवडे वा अधिक चालले असेल, तर ते थांबल्यावर किमान चार आठवड्यांनीच गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची लस देता येते. प्रत्यारोपण ठरले असेल तर या लशी त्याच्या किमान चार आठवडे आधी पूर्ण व्हायला हव्यात, कारण नंतर त्या सहसा देता येत नाहीत. अनेकांना ठाऊक नसते, की घरातल्या धाकट्या भावंडाला दिलेल्या पोलिओच्या थेंबांतला विषाणू त्याच्या शौचातून बाहेर पडतो. त्यामुळे पल्स पोलिओच्या दिवशी दारी आलेल्या ताईंना वस्तुस्थिती सांगावी, आणि त्या भावंडाला इंजेक्शनचीच पोलिओ लस द्यावी. कांजिण्यांची लस मात्र घरातल्या इतरांनी अवश्य घ्यावी.

शाळेत पाठवू का, गणपतीत मासुंदा तलावापाशी नेऊ का, असे विचारले की मी बहुधा हो म्हणतो. सूज आणि स्टेरॉइडची मोठी मात्रा असलेले आठवडे आणि प्रत्यारोपणानंतरचे पहिले महिने तेवढे वगळावेत. शाळेसाठी मी माझ्या लेटरहेडवर एक चिठ्ठी देतो : वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी घरी कळवावे. ज्याला कांजिण्या होऊन गेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा मुलाचा संपर्क आला असेल तर तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा दहा दिवसांच्या आत, द्यावे लागते, आणि ते शोधून आणण्यातच दोन-तीन दिवस जातात. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात, तेव्हा ही चिठ्ठी नव्याने नेऊन द्यावी.