हाड सापडलं तरी ते तुमचं नाही

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या ड्रमहेलरच्या रॉयल टिरेल या डायनोसॉरच्या संग्रहालयातून बाहेर पडलं की भारतातून आलेले पाहुणे हमखास खाली वाकतात. समोर उघड्याबोडक्या टेकड्या, त्यात हाडाचा तुकडा दिसला की हात जातोच. तो आवरायचा. ही जागा मिडलँड प्रांतिक उद्यानात येते, इथे जीवाश्म उचलायला बंदी आहे. बाहेर, जमीनमालकाची परवानगी असेल तर सुटं पडलेलं हाड उचलता येतं. पण १९७८ पासून अल्बर्टात मालकी सरकारची, तुम्ही फक्त सांभाळणारे. विकायचं नाही, परवानगीवाचून प्रांताबाहेर न्यायचं नाही. खणायचा परवाना तर जीवाश्मशास्त्रज्ञांनाच.

जाचक वाटेल, पण नियम रास्त आहे. हाड कुठल्या थरात होतं हे कळलं नाही तर त्याचं वय कशावरून ठरवणार? म्हणून जागेवरच फोटो घ्या, मापासाठी शेजारी पेन ठेवा, जीपीएस नोंद करून संग्रहालयाला कळवा.

आणि खणणं हौशी माणसाचं काम नव्हेच. इथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. भिजली की फुगते, सुकली की आकसते, आणि त्या ओढाताणीत हाडं तडकतात. आधी भेगांत पातळ चिकटद्रव्य मुरवायचं. मग कडेने खणून हाड मातीच्या ओट्यावर राहू द्यायचं, त्यावर ओला टिश्यू पेपर, वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू घालायचा राहून गेला तर प्लास्टर थेट हाडालाच धरतं. खरी कसोटी उलटताना: खालून नीट कोरलं नसेल तर मातीबरोबर हाडही गळून पडतं.

तज्ज्ञांच्या हातूनही चुकतं. फोर्ट मॅकमरेजवळच्या तेलवाळूच्या खाणीत २०११ मध्ये मिळालेला चिलखती डायनोसॉर उचलताना स्वतःच्याच वजनाने फुटला. मार्क मिशेल यांनी सुमारे ७,००० तास त्याच्यावरचा खडक कोरून काढला, आणि २०१७ मध्ये त्या डायनोसॉरला नाव मिळालं बोरिअलोपेल्टा मार्कमिशेली. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव प्रजातीला! कौतुक करावं ते याचं.

आपल्याकडे हाडं कमी नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या इसिसॉरस या डायनोसॉरचं शास्त्रीय वर्णन १९९७ सालचं. हाडं मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. मग इथल्यासारखं संग्रहालय तिथेच का नाही, असं वाटेल. पण इथे ओसाड उतार पावसाने झिजून हाडं आपोआप उघडी पडतात, आपल्याकडे वर शेतं आहेत. शिवाय ज्यांचं नाव या संग्रहालयाला आहे त्या टिरेल यांना १८८४ मध्ये मिळालेली अल्बर्टोसॉरस या डायनोसॉरची कवटीही आज ओटावाच्या संग्रहालयाकडे आहे, आणि ड्रमहेलरला संग्रहालय व्हायला १९८५ उजाडलं.