तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेटिंग किती रेषांची घेऊ?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून मोजणारी यंत्रं, दुरुस्तीला येतात, आणि त्यांच्या मागोमाग हा प्रश्न. “मॅडम, बाराशेची घेऊ की चोवीसशेची?” ग्रेटिंग म्हणजे यंत्रातला रंग फाकवणारा, बारीक समांतर खाचांचा चकचकीत तुकडा; या खाचा म्हणजेच रेषा. विचारणाऱ्याचा कल बहुधा चोवीसशेकडेच. मिलिमीटरमागे जितक्या जास्त रेषा तितका माल भारी, असा सरळ हिशोब.

मी आधी विचारते, बघायचा आहे कुठला प्रकाश?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीला एकाच्या ८५० नॅनोमीटरच्या एलईडीसाठी मी हौसेनं २४००ची ग्रेटिंग मागवली. दोन दिवस स्लिट (प्रकाश आत सोडणारी फट) आणि आरसे हलवत बसले, प्रकाश टिपणारा डिटेक्टर ढिम्म. शेवटी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. दोन रेषांमधलं अंतर साधारण ४१७ नॅनोमीटर. त्याच्या दुपटीपलीकडची, म्हणजे ८३३च्या पुढची तरंगलांबी ही ग्रेटिंग कुठल्याही कोनात ठेवली तरी फाकवू शकत नाही. शाळेतलं सूत्र! ती ग्रेटिंग अजून कपाटात आहे.

“पण रंगांच्या बारीक रेषा सुट्या दिसायला हव्यात ना?” हव्यात की. सोडियमच्या दिव्याच्या ५८९.० आणि ५८९.६ या दोन पिवळ्या रेषा घ्या. पहिल्या ऑर्डरमध्ये (ग्रेटिंग एकच रंग अनेक दिशांना फेकते, त्यातली सरळ परतणाऱ्या प्रकाशाशेजारची पहिली दिशा) हजारेक खाचांवर प्रकाश पडला की कागदावर त्या सुट्या होतात. ६००च्या ग्रेटिंगवर म्हणजे पावणेदोन मिलिमीटरसुद्धा नाही. तरी पोरांना एकच जाड पट्टा दिसतो, कारण स्लिट सताड उघडी. आधी ती अरुंद करा, पैसे लागत नाहीत. ६००ऐवजी १२०० घेतलीत तर रंग साधारण दुप्पट फाकतील खरे, पण डिटेक्टरवर निम्माच पट्टा मावेल आणि प्रत्येक पिक्सेलला प्रकाशही निम्मा.

रेषांपेक्षा मी ब्लेझकडे जास्त बघते. खाचांचा उतार असा कापतात की एका ठरावीक तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश हव्या त्या ऑर्डरमध्ये जावा. ५००ला ब्लेझ केलेली ग्रेटिंग अतिनीलमध्ये तुम्हाला उपाशी ठेवेल. नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजायचं असेल तर होलोग्राफिक (खाचा लेझरनं उमटवलेली) बरी, भटका प्रकाश कमी. आणि ८००च्या जागी दुसऱ्या ऑर्डरचा ४००ही येऊन बसतो, तेव्हा तो अडवणारा फिल्टर विसरू नका.

हात मात्र अजिबात लावायचा नाही. गेल्या पावसाळ्यात एका लॅबचं यंत्र उघडलं, तर कुणीतरी ग्रेटिंग चष्म्याच्या फडक्यानं पुसलेली. कडांना अजून इंद्रधनुष्य होतं, मधोमध अंगठ्याएवढा राखाडी डाग. ॲल्युमिनियमचा थर तो, फुंकर मारलेलीसुद्धा सोसत नाही, थुंकी उडते. नवीच टाकावी लागेल म्हणून फोन केला, तर पलीकडून, “मग या वेळी चोवीसशेची टाकूया का?”