आमची वाटचाल : दीड इंचाचं कॉकपिट

“ह्याच्यात माणूस बसणार कुठं?”

आप्पांनी विचारलेल्या ह्या प्रश्नातून छोट्या मॉडेल विमानांची कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची बसायची जागा, बनवायचा आमचा व्यवसाय सुरू झाला. आप्पा म्हणजे माझे सासरे. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात ते पत्र्याच्या कामावर होते. मिग-२१ ह्या लढाऊ विमानाला रिव्हेट मारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर कुणीतरी माझ्या मुलाला त्याच विमानाचं १:४८ मापाचं, म्हणजे खऱ्याहून ४८ पट लहान, प्लास्टिकचं किट वाढदिवसाला दिलं. त्याने ते जोडून आजोबांच्या हातात ठेवलं. आप्पांनी चष्मा पुसून आत डोकावलं, तर आत एक सपाट फळी, तिच्यावर खुर्चीच्या नावाखाली ठोकळा आणि समोर मीटरांचं चिकटवलेलं चित्र. त्यांना फार वाईट वाटलं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

मी तेव्हा सराफ बाजारातल्या एका पेढीसाठी दागिन्यांचे मास्टर, म्हणजे साच्यासाठीचे मूळ नमुने, घडवत असे. मेणात नक्षी कोरायची, रबराचा साचा घ्यायचा, मग ओतकाम. डोळ्याला भिंग लावून अर्ध्या मिलिमीटरच्या खोबणी कोरायची सवय होती. म्हटलं, आप्पा, तुम्ही सांगा, मी करते.

आप्पांच्या मापाची रीत वेगळीच होती. ओसरीवर खुर्ची मांडून ते डोळे मिटून बसायचे आणि हात पुढे करायचे. “डाव्या हाताला थ्रॉटल. कोपर इथं टेकतं. इथून पॅनेल एवढं लांब.” मी टेप घेऊन शेजारी. ते पहिलं कॉकपिट प्लास्टिकच्या पातळ शीटचं होतं. वायरिंगला जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार लावली, खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे केले. दोन महिने लागले.

विकायचा विचार नव्हता. फोटो पाहून पुण्यातल्या एका मॉडेल करणाऱ्या गृहस्थांनी तसंच एक मागितलं, मग त्यांच्या दोन मित्रांनी. तिसऱ्या मागणीनंतर मी साचा घ्यायचं ठरवलं.

ह्या कामात पहिली अडचण येते ती जाडीची. खऱ्या विमानाचा पत्रा एक-दोन मिलिमीटरचा असतो. किटचं प्लास्टिक दीड मिलिमीटर धरलं, तर खऱ्या मापात ती भिंत ७२ मिलिमीटर जाड झाली! म्हणजे बरोबर मापाचं कॉकपिट किटच्या आत मावतच नाही. ते अरुंद करून दिलं की वैमानिकाचे खांदे अडकतात. आम्ही अरुंद करत नाही. किटची भिंत आतून किती आणि कुठे घासायची, ते चित्र काढून प्रत्येक सेटबरोबर देतो. गिऱ्हाइकाला अर्धा तास जास्त लागतो, काहींनी त्यावर नाराजीही कळवली. पण आप्पांचा प्रश्न आठवला की दुसरा मार्ग मला पटत नाही.

मीटरांचं काम मला सगळ्यात आवडतं. ८० मिलिमीटरची तबकडी १:४८ मध्ये पावणेदोन मिलिमीटरचीही भरत नाही. पुढे पितळेचा पातळ पत्रा, त्यात तबकड्यांची भोकं. मागे पारदर्शक फिल्मवर छापलेले आकडे आणि काटे, फिल्मच्या पाठीला पांढरा रंग. दोन्ही चिकटवले की तबकडी भोकात किंचित खोल बसते, खऱ्यासारखी. शेवटी प्रत्येक तबकडीवर सुईच्या टोकाने चकचकीत वॉर्निशचा थेंब, ती तिची काच. पितळेचे पत्रे अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या नेमप्लेटच्या कारखान्यात फेरिक क्लोराइडमध्ये कोरून घेतो. एवढं बारीक काम त्यांनी आधी केलं नव्हतं. पहिले चार पत्रे वाया गेले तरी त्यांनी पुन्हा करून दिले, त्याचं ऋण आहे.

मिगच्या पॅनेलवर मधोमध वरून खाली एक पांढरी पट्टी असते. विमान स्पिनमध्ये गेलं, गिरक्या घेत खाली यायला लागलं, तर वैमानिकाने विमान वळवायची दांडी त्या पट्टीच्या रेषेत धरायची. आमच्या पॅनेलवर ती केसाएवढी आहे आणि हाताने रंगवतो. जीव वाचवणारी रेघ वाकडी गेली, तर पॅनेल बाद.

पहिल्या पावसाळ्यात मोठा फटका बसला. एका मोठ्या मागणीचं सगळं ओतकाम फसफसून वर आलं, खुर्च्यांना पावाच्या तुकड्यासारखी भोकं. आम्ही साच्याला दोष देत राहिलो. खरं कारण हवेतल्या दमटपणाचं होतं: साच्यात ओततो त्या पॉलियुरेथेन रेझिनला पाणी लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे होतात. आता डबा उघडला की त्याच दिवशी संपवतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओतकाम कमीच धरतो.

दुसरी चूक अज्ञानाची होती, तिची लाज जास्त वाटली. मिग-२१ च्या टाइप ७७ ह्या जुन्या प्रकाराचा सेट काढला आणि त्यात नंतरच्या टाइप ९६ ची केएम-१ खुर्ची घातली, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकते ती. आप्पा पत्र्याचे, खुर्चीचा विभाग वेगळा. त्यांचे एक जुने सहकारी, आमचे काका, चहाला आले, सेट हातात घेऊन म्हणाले, “सूनबाई, ह्याची कॅनोपी पुढून उघडते ना?” टाइप ७७ ची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, पुढच्या बिजागरीवर. वैमानिक बाहेर फेकला जाताना ती खुर्चीबरोबरच जाते आणि वाऱ्याच्या माऱ्यापासून वैमानिकाला झाकते. टाइप ९६ ची कॅनोपी बाजूला उघडते, तिथे केएम-१. दोघांची अदलाबदल होऊच शकत नाही. विकलेल्या प्रत्येक सेटसाठी नवी खुर्ची कोरून स्वखर्चाने पाठवली. तेव्हापासून काकांनी पाहिल्याशिवाय एकही खुर्ची साच्यात जात नाही.

रंगावर मात्र आमच्या घरी एकमत कधीच झालं नाही. तो रशियन हिरवट निळा. आप्पा म्हणतात निळा जास्त, काका म्हणतात हिरवा. ऊन खाल्लेलं विमान आणि नुकतं रंगवून आलेलं विमान, दोघांचं खरं असावं. आम्ही रंगाच्या कागदावर दोन्ही छटा देतो आणि थोडा पांढरा मिसळायला सांगतो, कारण एवढ्याशा कॉकपिटच्या सावलीत कुठलाही रंग काळवंडतो.

आता रेझिनचा प्रिंटर आहे, आम्ही पाच जण आहोत. चौकट, खटके, बटणं संगणकावर होतात. गादीवरच्या बसल्याच्या सुरकुत्या मी अजून मेणातच कोरते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. आप्पांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिलं. त्यानंतर आलेल्या मागण्या मॉडेलवाल्यांच्या नव्हत्या. त्या मुलामुलींच्या होत्या, “वडील ह्या विमानावर होते, त्यांना नुसतं कॉकपिट हवंय, काचेखाली ठेवायला.” असे सेट आम्ही रंगवूनच देतो.

सध्या टेबलावर दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे. मागे बसणाऱ्या शिक्षकाला पुढचं दिसत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर आरशाचा पेरिस्कोप असतो. तो तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा होतोय आणि आरसा कशाचा करायचा, ह्यावर आप्पा आणि काका सकाळपासून बसले आहेत.