टिप्याचं ताट आणि माळ्यावरचे उंदीर

आमच्याकडे उंदराचं औषध आणत नाही, असं सांगितलं की वाडीतले लोक आधी वर माळ्याकडे बघतात. कौलारू घर, मागीलदारी पोफळी, माळ्यावर नारळ, माजघरात वर्षाचं भात. रत्नागिरीच्या बाजूला अशा घरात उंदीर येणारच. पण याच घरात टिप्या आहे, सापडेल ते आधी तोंडात घालणारा गावठी कुत्रा. आणि सोनी आहे, पकडलेला उंदीर शेपटीसकट खाणारी मांजर. विष घातलं तर ते उंदराच्या पोटात थांबत नाही, सोनीपर्यंत पोचतं.

दुकानात मिळणाऱ्या हिरव्या-निळ्या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडायोलोन असतं, अवघं ०.००५ टक्के. रक्त गोठवणारे घटक तयार करायला शरीर ‘के’ जीवनसत्त्व पुन्हापुन्हा वापरतं, आणि हे औषध नेमका तो पुनर्वापर थांबवतं. अंगात आधीचे घटक असतात तोवर उंदीर हिंडत-फिरत राहतो, खातही राहतो. मग सुस्तावतो, उजेडात येतो, आणि असा सुस्तावलेला उंदीर मांजरीला सगळ्यात आधी सापडतो. सुस्तावलेला किंवा मेलेला उंदीर शेतात पडला तर घुबड, घार, कोल्हा यांच्याही पोटात तेच जातं.

पलीकडच्या वाडीत एका कुत्र्याने वडी खाल्ली होती. पहिले दोन-तीन दिवस तो ठणठणीत होता, म्हणून घरचे निर्धास्त राहिले. मग हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, धाप लागली, शी डांबरासारखी काळी झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन के-१ सुरू केलं आणि महिनाभर गोळ्या चालू ठेवायला लावल्या, तेव्हा तो वाचला. कुत्र्याने वडी खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा आणि वेष्टन सोबत न्यायचं. विष कोणतं, हे त्यावरूनच कळतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका, मिठानेच कुत्रा दगावू शकतो.

शेतात वापरतात ती काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यापासून फॉस्फिन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. अशा कुत्र्याने उलटी केली तर त्या वायूचा त्रास जवळ बसलेल्या माणसालाही होतो, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या. ही पावडर पिठाच्या गोळीत घालून पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेली मी पाहिली आहे. ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथेसुद्धा. हे बघून मला फार राग येतो.

तर मग करायचं काय? आमच्याकडे सुरुवात टिप्याच्या ताटापासून झाली. कुत्र्या-मांजरांच्या घरात उंदीर बहुतेकदा त्यांच्याच जेवणावर जगतात. रात्री ताटात उरलेला भात, मांजरीच्या वाटीतलं मासळीचं डोकं, कोपऱ्यात तोंड उघडं टाकलेली कोरड्या खाद्याची पिशवी. सासूबाई माझ्या लग्नापासून सांगत आल्या, “अगो, रात्री खरकटं ठेवू नये.” टिप्याचं जेवण आता दिवेलागणीला होतं, अर्ध्या तासाने ताट उचलून घासून पालथं घालते. कोरडं खाद्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, प्लास्टिकचा डबा उंदीर सहज कुरतडतात. भाताची कणगी काढून पत्र्याची कोठी घेतली. बाहेरची पाण्याची भांडीही रात्री रिकामी करते, कारण उंदीर त्यात मुततात.

पावसाळ्यात तर हे फार महत्त्वाचं. उंदराच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो, कोकणात दर पावसाळ्यात माणसं त्याने आजारी पडतात, आणि कुत्र्यांनाही तो होतो. टिप्याच्या दरवर्षीच्या लशीत लेप्टो आहे ना, हे मी डॉक्टरांना विचारून घेते. नुसत्या रेबीजच्या लशीत लेप्टो येत नाही.

दुसरं काम फटी बुजवण्याचं. यात आमचे दोन रविवार गेले, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. लहान उंदराला पेन्सिलीएवढं, सहा मिलिमीटरचं भोक पुरतं, मोठ्याला अर्धा इंच. आम्ही अंधार पडल्यावर आतून बॅटरी मारली आणि बाहेरून कुठे उजेड दिसतो ते पाहिलं. मोरीचा पाइप भिंतीतून जातो तिथे, गॅसच्या नळीपाशी, मागच्या दाराखाली, आणि भिंतीचा माथा व वासे यांच्यामध्ये. भोकांत तारेची घासणी ठासून भरली आणि वरून सिमेंट लिंपलं, म्हणजे घासणी गंजून सुटणार नाही. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उंदीर उकरून काढतात. वाशांखाली बारीक जाळी मारली, दाराखाली पत्र्याची पट्टी. कौलांवर आलेली आंब्याची फांदी छाटली. माळ्यावरचा काळा उंदीर झाडावरूनच येतो, तो पट्टीचा चढणारा आहे. घूस मात्र खणत येते, तिच्यासाठी जोत्याजवळची बिळं दगड आणि सिमेंट घालून बंद करावी लागली.

आत राहून गेलेल्यांसाठी पिंजरा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून काही रात्री पिंजरा न लावता नुसतं सुकं खोबरं घालून भिंतीलगत ठेवायचा. तो निर्धास्तपणे खाऊन जायला लागला की मग लावायचा. पिंजऱ्यावर आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालते, वर जांभा दगड. क्रेटच्या भोकांतून उंदीर आत जातो, पण टिप्याचं नाक किंवा सोनीचा पंजा पोचत नाही. चाप लावायचा तर तोही अशाच झाकणाखाली. पकडलेला उंदीर बादलीत बुडवायची पद्धत मला मान्य नाही. त्यापेक्षा चाप बरा, क्षणात मारतो.

गोंदाचे पुठ्ठे तर घरात नकोतच. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो आणि मांजराचं पिल्लू चिकटलं तर कातडी सोलली जाते. कुणाचं चिकटलंच तर ओढू नका. खोबरेल किंवा गोडं तेल चोळत चोळत सोडवा, मग सौम्य साबणाने धुवा, नाहीतर ते अंग चाटत बसतं.

‘घरगुती उपाय’ म्हणून सांगतात त्यातलंही सगळं निर्धोक नाही. डांबरगोळ्या मांजराला आणि कुत्र्यालाही विषारी. पुदिन्याचं तेल शिंपडायला सांगतात, पण असली अर्कतेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. काळ्या फिनाइलचंही तेच. ते पुसलेल्या जमिनीवरून सोनी चालते आणि मग पंजे चाटते. म्हणून लेंड्या सापडल्या तर मी हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडते, पाच मिनिटं थांबून कागदाने टिपून घेते, आणि जमीन साध्या पाण्याने पुसून वाळेपर्यंत सोनीला बाहेर ठेवते. कोरड्या लेंड्या केरसुणीने झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते.

आणखी एक. रात्री चुकचुक करत भिंतीच्या कडेकडेने धावणारं, लांब नाकाचं, उग्र वासाचं जे असतं ते उंदीर नाही, चिचुंद्री. ती झुरळं आणि किडे खाते, धान्याला तोंड लावत नाही. तिला राहू द्या. मागीलदारी धामण दिसली तरी काठी घेऊन धावू नका. ती बिनविषारी आहे, उंदीर खाते, आणि बिळात शिरून जे काम करते ते मांजरीला जमत नाही. आमच्या चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात एक आहे. टिप्या तिच्यावर भुंकतो तेव्हा त्याला आत घेते.

आता माडांचं राहिलंय. खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळला की उंदराचे पाय घसरतात, मात्र शेजारच्या झाडाची झावळ त्याला टेकलेली नको. पत्रे आणून ठेवलेत. पाडेली नारळ काढायला येईल तेव्हा झावळ्याही साफ करून घेणार आहे.