१६ मार्च : सहा जागांचा पुढारी

१६ मार्च

आज कमाल जुंबलात या द्रूझ (इस्लाममधून निघालेला छोटा पंथ) पुढाऱ्यांचा स्मृतिदिन. १९७७ साली लेबनॉनमधल्या शूफच्या डोंगररस्त्यावर त्यांना गाडीतच गोळ्या घातल्या. वय ५९. संशय पहिल्या दिवसापासून सीरियावर. पण तिथल्या हवाई दलाच्या गुप्तचर खात्याचा माजी प्रमुख इब्राहिम हुवैजा याला या प्रकरणी अटक झाली ती मार्च २०२५ मध्ये, असद राजवट कोसळल्यावर. आणि खुनानंतर सूड उगवला गेला तो आसपासच्या ख्रिस्ती गावकऱ्यांवर, ज्यांचा यात काडीचाही संबंध नव्हता.

आपल्याकडे कमालबेंचा ('बे' ही मानाची पदवी) विषय निघाला की गाडी योग, शाकाहार आणि गांधींवर अडते. ते खरंच आहे, पण राजकारण कळायचं तर आधी जागांचा हिशेब बघावा. १९४३ च्या अलिखित करारात राष्ट्राध्यक्षपद मारोनी ख्रिश्चनांचं, पंतप्रधानपद सुन्नींचं. सभापतिपद पुढे शियांकडे गेलं. द्रूझांच्या वाट्याला यातलं काहीच नाही. १९६० च्या कायद्यानं संसद ९९ जणांची झाली, त्यांत द्रूझ ६.

आणखी एक मेख आहे. जागा पंथवार राखीव, मतदान मात्र मतदारसंघातले सगळे पंथ करतात. म्हणजे द्रूझ जागेवर निवडून यायलाही मारोनी आणि सुन्नी मतं लागतात, आणि सीमा जरा सरकवल्या की आपली माणसं पलीकडे जातात. १९५७ ला राष्ट्राध्यक्ष कामील शामून यांच्या सरकारनं मतदारसंघ नव्याने आखले आणि कमालबे पडले. याच शामूनना सोबत घेऊन त्यांनी १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिशारा अल-खूरींना घालवलं होतं! १९५८ मध्ये शूफमध्ये शामूनविरुद्ध बंदुका निघाल्या, त्यामागे हा पराभवही होताच.

पंथनिहाय वाटपच मोडा, ही त्यांची मागणी त्यामुळे तत्त्वाची तितकीच गरजेची. १९७६ मध्ये, यादवी युद्धात, मात्र ते चुकले असं वाटतं. मतपेटीतून न मिळालेलं रणांगणावर मिळेल असं धरून ते लढत राहिले. मार्चमध्ये सीरियाचे अध्यक्ष हाफिज असदांबरोबरची कित्येक तासांची बैठक फिसकटली आणि जूनमध्ये सीरियन फौजा त्यांच्याच डाव्या-पॅलेस्टिनी आघाडीविरुद्ध आत आल्या.

घराण्याचं कोडं वेगळंच. वडील फुआद यांचा १९२१ मध्ये खून झाला, मग मुख्तारा गावातला घराण्याचा वाडा आई नझीरा यांनी सांभाळला. कमालबेंनंतर मुलगा वलीद. २०१७ मध्ये चाळिसाव्या स्मृतिदिनाच्या मेळाव्यात वलीदनी पॅलेस्टिनी कुफिया (चौकड्यांचा रुमाल) आपला मुलगा तैमूरच्या खांद्यावर घातला. २०२३ पासून पक्षाचा अध्यक्ष तोच. पक्षाचं नाव, पुरोगामी समाजवादी पक्ष.