आमची वाटचाल : विमा कामगाराच्या घरापर्यंत

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये कामगारांचा सामूहिक मुदत विमा आधीपासून होता. शिवाय पीएफसोबतच्या ईडीएलआय या विमा योजनेतून, नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर, कामगाराच्या वारसांना जास्तीत जास्त 7 लाख मिळतात. पण कामगाराची बायको गेली तर दोन्हीकडून घरात एक रुपया येत नाही. लहान मुलं, म्हातारे आईवडील, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर येतं आणि त्याला पाळ्या भरणं जमत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी जोडीदार आणि अवलंबून मुलं पॉलिसीत घेतली.

कामगाराला 10 लाख, जोडीदाराला 5, प्रत्येक मुलाला 1, अशी रचना ठेवली. ऐच्छिक ठेवलं की ज्यांच्या घरी आजारपण आहे तेच आधी नाव देतात. मग विमा कंपनी दर चढवते, नाहीतर प्रत्येकाचं आरोग्य घोषणापत्र मागते. त्यामुळे सरसकट सगळ्यांना घेणंच बरं. हप्ता दर हजारी ठरतो : 2 रुपये दर असेल तर 5 लाखांचे वर्षाला 1,000, वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 पासूनची माफी वैयक्तिक पॉलिसींना आहे, सामूहिकला नाही.

खरी मेहनत विमा घेतलेल्यांच्या नावांच्या यादीत आहे. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, बँकेत फक्त नवऱ्याचं आडनाव, असं सर्रास असतं आणि दावा इथेच अडकतो. आम्ही आधारवरचं नाव अक्षर न बदलता घेतो. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत फाइलला लावतो. जन्मतारखेचा महिना अक्षरांत लिहितो, कारण 05/08 चा एक्सेलमध्ये 8 मे होऊन बसतो.

जोडीदाराच्या विम्याची रक्कम कामगाराला मिळते. पण मोटारसायकलच्या एकाच अपघातात दोघंही गेले तर? त्यासाठी पुढचा वारसही लिहून घ्यावा. तो अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते. विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये तशी तरतूद आहे.

लग्न किंवा बाळंतपण झालं की पॉलिसीतल्या मुदतीत नाव कळवायचं. त्याआधी सीडी खात्यातली, म्हणजे हप्त्यासाठी विमा कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या पैशांची, शिल्लक बघायची. ती कमी पडली तर यादी पोचूनही नव्या नावाला संरक्षण लागू होत नाही.

नोकरी सुटली की जोडीदार आणि मुलांचंही संरक्षण त्याच दिवशी संपतं. त्यामुळे राजीनामा आला की लगेच कामगाराला हे लेखी कळवतो आणि शेवटच्या दिवसाआधी स्वतःची वैयक्तिक पॉलिसी सुरू करायला सांगतो.