मागचा दिवा

"दादा, वळताना हात तरी दाखवा!"

द्वारका चौकात मागचे रिक्षावाले काका ओरडले. मी तर डावा इंडिकेटर दिला होता. पुढचा दिवा पेटलेला, फक्त लुकलुकत नव्हता. मागचा बंदच होता.

संध्याकाळी पंचवटीतल्या मेकॅनिककाकांनी बाबांची जुनी मोटरसायकल बघितली. उजवी बाजू नीट लुकलुकते, म्हणजे फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारा भाग) बरा. 10 वॅटचा बल्बही शाबूत. मडगार्डखाली मागच्या दिव्याची अर्थिंगची वायर गंजली होती, म्हणून त्याला करंटच मिळत नव्हता. जुना फ्लॅशर तापून चालतो. एका बल्बचा करंट कमी पडला की फ्लॅशर तापतच नाही, आणि पुढचा दिवा नुसता पेटून राहतो. वायरचं टोक पॉलिश पेपरने घासलं, काम झालं.

काका म्हणाले, "पुढचा दिवा तुम्हाला दिसतो. मागचा दुसऱ्यांसाठी असतो."

किती दिवस मी असाच वळत होतो? बाबा रोज निघण्याआधी गाडीमागे जाऊन बघायचे. तुम्ही बघता?